भुईवर निजलेला जागेश्वर

नागपुरातल्या कोष्टीवस्तीत जागेश्वरचा माग बंद पडला, त्याचं कोणालाच नवल वाटलं नाही. गिरणीच्या लुगड्यापुढे हातमागाचं लुगडं विचारतो कोण? धोटा सुटला आणि हातात थापी आली. शहरात तेव्हा सरकारी इमारती उठत होत्या. जागेश्वर विटा रचू लागला आणि त्याची बायको रुख्माबाई त्याच बांधकामावर रेजा म्हणून घमेली वाहू लागली. दुपारी दोघं एकाच फडक्यातली भाकर खात. लोक थट्टा करत, पण त्यांचं दोघांचं बरं चाललं होतं.

ऐन उन्हाळ्यात रुख्माबाई बांबूच्या परांचीवरून पडली. जागेश्वर धावला तेव्हा तिचे डोळे उघडे होते.

"मले उचलू नका," ती म्हणाली.

आता आपल्याकडे भुईवर कोणाला ठेवतात? ज्याची आशा सुटली त्याला. घरच्या लक्ष्मीला मातीत पडू द्यायचं, म्हणजे तिचं मरण आपल्याच तोंडानं बोलावायचं. मुकादम भैयाजीसकट भोवती माणसं जमली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, उचल, उचल. जागेश्वरनं तिच्या काखेत हात घालून तिला बसवलं, मग डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. घोटभर पाणी गेलं न गेलं तोच तिनं मान टाकली.

त्याच्यावर आभाळ कोसळलं. पण लोकांनी धीर दिला. सवाष्ण गेली, नवऱ्याच्या मांडीवर गेली, त्याच्या हातचं पाणी पिऊन गेली, असं मरण कोणाला मिळतं? रुख्माबाईची आई सखूबाई त्याच्याकडेच राहायची. ती येईल त्या बाईला सांगायची, "माही पोरगी नशिबाची वं. जवायानं तिले भुईवर नाही मरू देल्लं." हे ऐकलं की जागेश्वरला दोन घास जात. त्याच्यापाशी तेवढंच तर उरलं होतं.

पुढे बांधकामावर आणखी एक गडी पडून गेला, तेव्हा कुठे साहेबांना जाग आली. वरातीमागून घोडं, दुसरं काय! पेन्शनीतले कंपाउंडर मार्तंडराव पट्ट्यांची पिशवी घेऊन प्रथमोपचार शिकवायला आले. रक्त कसं थांबवायचं, मोडलेल्या हाताला कामट्या कशा बांधायच्या, हे गड्यांनी हसतखेळत पाहिलं. मग मार्तंडराव म्हणाले, उंचावरून पडलेल्याला उचलून बसवायचं नाही. पाठीचा कणा मोडलेला असला, तर बसवताना आतली नस तुटते. माणूस पडून वाचतो आणि उचलून मरतो. दवाखान्याची माणसं येईपर्यंत तिथंच राहू द्यायचं, अगदीच हलवावं लागलं तर फळीवर सरळ सरकवायचं. पाणीसुद्धा पाजायचं नाही.

जागेश्वरनं विचारलं, "पन माणूस बोलत असन, तं?"

"मग त्याचं ऐका," मार्तंडराव सहज म्हणाले. "कुठे काय मोडलंय, ते त्याच्याइतकं कोणाला कळतं?"

बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण कोणाला काय सांगतोय ते. करून दाखवायला त्यांनी एकाला जमिनीवर निजायला सांगितलं. कोणी पुढे होईना. जित्यापणी भुईवर निजायचं म्हणजे अपशकुनच. मुकादम भैयाजी तर चार पावलं मागे सरला. शेवटी जागेश्वर उठला आणि मातीत उताणा निजला. गडी भोवती जमले. इतका वेळ शिकवलेलं सगळं विसरून भैयाजीनं सवयीनं त्याच्या काखेत हात घातले.

"मले उचलू नका," जागेश्वर म्हणाला.

मार्तंडराव खूश झाले. अगदी जखमी माणसासारखं बोललास, म्हणाले. गडीही हसले. ते शब्द कोणाचे होते, हे तिथं एकट्या भैयाजीला आठवलं. त्यानं हात काढून घेतले आणि मान खाली घातली. फळी आली, जागेश्वरला नीट सरकवलं, शिकवणी संपली. तरी तो बराच वेळ फळीवरून उठला नाही.

संध्याकाळी घरी आला, तर सखूबाई ओसरीवर शेजारणीला तेच सांगत बसली होती. माझी पोर नशिबाची. खरं काय ते जागेश्वरच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण म्हातारीपाशी दुसरं होतं तरी काय? तो गुमान आत गेला. जेवला नाही. खाट भिंतीला उभी केली आणि उघड्या जमिनीवर आडवा झाला.

"भुईवर काहून निजले, जवाईबापू?" सखूबाईनं दारातून विचारलं.

"असंच, माय," तो म्हणाला. "मले आता कोनी उचलू नका."