कळंबहून लॉगिन

बाबांनी मला शिळफाट्यावर बंगळूरच्या बसमध्ये बसवलं. बॅग सीटखाली ढकलत ते एवढंच म्हणाले, "कुनावर लगेच इस्वास ठेवू नको गं." कळंबच्या आमच्या वाडीतून इतक्या लांब नोकरीला निघालेली मी पहिलीच.

बंगळूरला कळलं, कंपनीचंही धोरण तेच. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून थेट कंपनीच्या आत नेणारी बंदिस्त वाट, चालू केल्याशिवाय साधी मेल उघडत नाही. पासवर्ड दिला तरी मोबाइलवर पुन्हा विचारणा: तूच ना? आधी हसू यायचं. पुढे तो संशय माझ्यातही मुरला. घरमालकीण चहाला बोलवायची, तर वाटायचं, हिला काय हवंय?

गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मॅनेजरला सांगून मी घरी आले आणि मोबाइलच्या नेटवर काम सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी व्हीपीएन बंद. सुरक्षा विभागातल्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या हिंदीत म्हणाल्या, "तुम्ही महाराष्ट्रात आहात म्हणता, लॉगिन अहमदाबादचं दिसतंय. पासवर्ड कुणाला दिलाय?"

मोबाइलचं नेट कधीकधी भलत्याच शहराचं नाव दाखवतं, हे मी समजावलं. त्यांचा चेहरा हलला नाही. "आजूबाजूचं दाखवा."

मी लॅपटॉप फिरवला. अंगणात वाळत घातलेलं भात, खाटेवर पाय लांब करून बसलेले बाबा. नोकरी जातेय, एवढंच डोक्यात होतं. आईला बोलणं कळलं नाही, सूर कळला. ती पुढे झाली. "आमची पोर हितंच हाय. आमी खोटं कशाला बोलू?"

संध्याकाळी व्हीपीएन सुरू झाला. माफी कुणी मागितली नाही. जेवताना आई म्हणाली, "तुझ्यावं आळ का घेत व्हती ती?"

"आळ नाय गं, पद्धत हाय तशी."

तिला ते पटलं नाही. मलाही नाही.

गाव सोडलेल्यांनो, तुमचंही असंच होत असेल. आता घरी निघताना मी ऑफिसला आधी कळवते, कुठे जातेय, कोणतं नेट वापरणार. परवा घरच्यांना न सांगता आले, तर आईनं दारातच विचारलं, "खरंच काम हाय ना गं, का कामावरनं काढलं तुला?" मी लॅपटॉप उघडून चालू काम दाखवलं. तिनं ते नीट निरखलं, मगच चहा टाकला.

मला राग आला नाही. तिकडे संशय घेतात तो कंपनीच्या काळजीनं. इथे घेतात तो माझ्या.