सुरात आलेला पियानो

आमचे धाकटे दीर संगीतकार आहेत. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कोणत्या सिनेमाला दिलंय? मग मला सांगावं लागतं की त्यांचं संगीत तसलं नाही. भाऊजींनी एकदा तीन पंखे आणि एक शिलाई मशीन घेऊन तासभर कार्यक्रम केला होता. शेवटी मी, माझा नवरा आणि दिवे बंद करायला थांबलेला माणूस एवढेच उरलो. नातेवाइकांनी त्यांचं नाव खडखडाट ठेवलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मी नेलं नसतं.

सासूबाई पियानो शिकवायच्या. शिकवण्या बंद झाल्यावर पियानोकडे कुणी बघितलं नाही. तारा उतरल्या, काही पट्ट्या मुक्या झाल्या. तरी त्या रोज जेवण झालं की वाजवत बसायच्या, आणि मुकी पट्टी आली की तेवढा सूर स्वतः गुणगुणायच्या. मला ते ऐकवत नसे. भाऊजी मात्र दाराशी बसून ऐकायचे. सासूबाई गेल्यावर माझ्या नवऱ्याने खोली मोकळी करायची म्हणून पियानो भंगारात काढला. भावाला विचारलंसुद्धा नाही.

भाऊजी भांडले नाहीत. आईचे ते सूर एकदा तरी लोकांना ऐकवायचे, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. वेळेवर रेकॉर्ड करून ठेवलं असतं तर, असं मी म्हटलं आणि व्याख्यान ओढवून घेतलं. साठवलेला आवाज म्हणजे मेलेला आवाज. संगीत माणसांसमोर एकदा घडतं आणि संपतं. त्यांनी स्वतःचं एकही काम कधी रेकॉर्ड करू दिलं नव्हतं. तत्त्वांपायी या माणसाने आयुष्यभर स्वतःचं नुकसान करून घेतलं.

एका सभागृहाने त्यांना कार्यक्रम दिला. भाऊजी आठवडाभर तिथल्या पियानोची एकेक तार किल्लीने, नुसत्या कानाच्या भरवशावर आईच्या पियानोइतकी उतरवत होते, तिच्या मुक्या होत्या त्या पट्ट्या मुक्या करत होते. मी डबा पोचवायचे. काम संपलं तेव्हा त्यांनी मला थोडं वाजवून दाखवलं. आवडलं असं खोटं सांगणार नाही. पण डोळे मिटल्यावर सासूबाई पलीकडच्या खोलीत आहेत असं वाटलं आणि मला रडू आलं.

कार्यक्रमाच्या दिवशी भाऊजी कपडे बदलायला घरी आले. तेवढ्यात तिकडे सभागृहाचा पियानो सुरात लावणारा माणूस आला. प्रत्येक कार्यक्रमाआधी तो येतो, ही तिथली पद्धत. पियानोची दशा बघून बिचाऱ्याने जेवणही बाजूला ठेवलं आणि सगळे सूर जागच्या जागी आणले. भाऊजींनी कुणाला काही सांगून ठेवलं नव्हतं. हे मुद्दाम केलंय हे कान असणाऱ्याला कळेलच, अशी त्यांची समजूत.

त्यांनी पहिली पट्टी दाबली आणि हात तसाच वर राहिला. दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम असता तर काहीतरी बिनसलंय हे लोकांना कळलं असतं. इथे कसं कळणार? माझ्या शेजारचे गृहस्थ त्या शांततेलाही मान डोलवत होते. उठून ओरडावं असं मला वाटलं, पण मी बसून राहिले. भाऊजी वाजवत गेले. मुक्या पट्ट्याही बोलल्या. सगळं गोड गोड झालं आणि टाळ्या थांबेनात. माझा नवरा डोळे पुसत भावाजवळ गेला.

"आई असती तर खूश झाली असती," तो म्हणाला. "शेवटी माणसांसारखं संगीत केलंस."

भाऊजींनी मान हलवली. खडखडाट म्हणणारेही हात मिळवायला आले. व्यवस्थापकांनी तोच कार्यक्रम पुन्हा ठेवायचं ठरवलं, अगदी असाच.

मी घरी आकांडतांडव केलं. पुन्हा तारा उतरवा आणि या वेळी दाराला कुलूप घाला, म्हटलं. भाऊजी गेलेही. मी डबा घेऊन पोचले तेव्हा ते एकच पट्टी दाबत होते, तार उतरवत होते, परत चढवत होते.

"किती उतरली होती तेच कळत नाहीये, वहिनी," ते म्हणाले. "त्या दिवशीचं कानात जाऊन बसलंय. आईचं आठवायला गेलो की तेच ऐकू येतं."

"तुम्ही वाजवा, मी सांगते," मी म्हटलं.

त्यांनी तार थोडी उतरवून पट्टी दाबली. मी म्हटलं, हाच. त्यांनी मुद्दाम आणखी उतरवून विचारलं. मला तोही तसाच वाटला, मी तेच म्हटलं. त्यांनी तार चढवली. मी पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी किल्ली पिशवीत ठेवली आणि डब्यात काय आणलंय ते विचारलं.