शनिवारी तीनची मॅच

कीपरकाकांनी आयुष्यात कधी गोल मारणाऱ्याचं कौतुक केलं नाही. त्यांच्या मते गोल मारला जात नाही, सोडला जातो. कुणी तीस यार्डांवरून बॉल वरच्या कोपऱ्यात घातला आणि सगळं मैदान उठून ओरडलं, तरी काका बसल्या जागेवरून म्हणायचे, "कीपर दोन पावलं पुढं होता. दुसरं काय न्हाई." तरुणपणी कोल्हापुरात एका पेठेच्या तालमीच्या टीमचे ते गोलकीपर होते. डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी. खरं नाव शंकरराव, पण ते फक्त त्यांच्या औषधांच्या पाकिटांवर दिसायचं.

ती पाकिटं मीच भरायची. लेस्टरपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात मी फार्मसीत काम करते. काका आमच्या मागच्या रस्त्यावर राहत. पन्नास वर्षांपूर्वी इथल्या होजिअरीच्या कारखान्यात आले, कारखाना बंद पडला तरी राहिले. मूलबाळ नव्हतं, काकू गेलेल्या. शनिवारी माझी अर्धी शिफ्ट संपली की त्यांचा आठवड्याचा गोळ्यांचा डबा मी घरी नेऊन द्यायची. दार उघडताना ठरलेलं वाक्य असायचं, "काय पुणेकर, आज कुठलं विष आणलंय?" मी म्हणायची, "तेच, मागच्या आठवड्यातलं. तुम्ही अजून आहात म्हणजे डोस कमी पडतोय." यावर ते खूश होऊन चहा टाकायचे. चहा भयंकर असायचा.

गावचा फुटबॉल क्लब हा त्यांचा संसार होता. छोटा क्लब, खालच्या लीगमधला, जिंकण्यापेक्षा जास्त हरणारा. काकांचं सीझन तिकीट तीस वर्षांचं, गोलच्या मागची खुर्ची. तिथून कीपरची पाठ दिसते. मग त्यांचं हृदय थकलं, पायांना सूज आली, दहा पावलांत दम लागू लागला. क्लबवाल्यांनी चाकाच्या खुर्चीसाठी जागा दिली. ऑक्टोबरात मी त्यांना घेऊन गेले आणि हाफटाइमला आम्ही ॲम्ब्युलन्समध्ये होतो. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा नाही. काकांनी मान हलवली आणि मला मराठीत विचारलं, "हाफटाइमनंतर काय झालं, हिला इचार."

आता हे सांगायला हवं. इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर फुटबॉलची मॅच थेट दाखवायला बंदी आहे. माणसं घरी बसली तर छोट्या क्लबांची मैदानं ओस पडतील, म्हणून हा जुना नियम. बंदी फक्त या देशापुरती. त्यामुळे काकांच्या घरापासून पाऊण मैलावरची मॅच काकांना दिसत नसे आणि कोल्हापुरात त्यांच्या धाकट्या भावाला, बापूला, क्लबच्या ॲपवर ती स्वच्छ दिसे. काका म्हणायचे, "माणसं मैदानात यावीत म्हणून बंद ठेवलंय म्हणे. मी येईना झालोय, तर कोण बघाय आलं काय?"

मी रडत बसणारी बाई नाही. काकांच्या टीव्हीला एक स्ट्रीमिंग स्टिक लावली आणि आपण भारतात आहोत असं भासवणारं ॲप त्यात घातलं. नियमात बसत नव्हतं, मला माहीत होतं. पहिल्या शनिवारी काळा पडदा आणि एक वाक्य आलं: ही मॅच तुमच्या भागात उपलब्ध नाही. दुसऱ्या शनिवारी नऊ मिनिटं चित्र आलं. काका पुढे सरकले, चष्मा पुसला, पण मॅच बघेचनात. गोलच्या मागे बोट दाखवून म्हणाले, "माझ्या खुर्चीत कोन बसलाय तो टोपीवाला?" तेवढ्यात चित्र गेलं. तिसऱ्या शनिवारी ॲपने ओटीपी मागितला, खातं बापूच्या नावावर, म्हणून तो गेला बापूच्या फोनवर. बापूने चष्मा शोधला, एक आकडा चुकला, पुन्हा वाचला, वेळ संपली. चार वेळा हेच. शेवटी टीव्हीवर ते खातं उघडणंच बंद झालं. मी स्टिक काढून ड्रॉवरमध्ये टाकली.

मग बापूच फोनवर मॅच सांगू लागला. रेडिओ होता, पण काकांना तो चालत नसे. "त्यो बाबा बॉल कुठं गेला ते सांगतोय. कीपर कुठं हुता ते कोन सांगनार?" बापूला ते सांगावं लागे, नाहीतर शिव्या बसत. फोन स्पीकरवर, खिडकी थंडीतही उघडी. कारण गोल झाला की मैदानावरचा आवाज खिडकीतून आधी यायचा. कोल्हापुरात ॲपवर तोच गोल चांगल्या अर्ध्या मिनिटाने दिसे. त्या अर्ध्या मिनिटात काका राजासारखे बसत. "बापू, जरा थांब. आता तुला बरं वाटनार हाय." आणि मग तिकडून, "दादा! गोल! आरं, तुला कसं कळलं लका?" हे त्याला दर वेळी नव्याने वाटायचं, किंवा तो तसं दाखवायचा. प्रतिस्पर्ध्यांनी गोल मारला तर खिडकीतून काहीच येत नसे.

एप्रिलपर्यंत क्लब तळाला पोचला आणि काकाही. त्यांच्या औषधांची यादी मी भरत होते, त्यामुळे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. काकांना एकच हवं होतं, क्लब या लीगमध्ये टिकावा आणि ते आपल्या हयातीत कळावं. शेवटची मॅच घरच्या मैदानावर होती. जिंकली तर राहणार, नाहीतर खाली. काका म्हणाले, "मी वर जायच्या आधी ही पोरं खाली जाऊ नयेत, एवढंच."

त्या शनिवारी मी गोळ्या देऊन निघणार होते. काका म्हणाले, "बस की जरा." बसले. अर्ध्या तासात शून्य-एक. हाफटाइमनंतर शून्य-दोन. बापूचा आवाज बारीक होत गेला. काका डोळे मिटून, तोंडाने श्वास घेत पडले होते. त्यांचा श्वास फोनवर कोल्हापुरापर्यंत ऐकू जात असणार.

आणि एकाएकी बापू ओरडला, "दादा! गोल! आपला! एक-दोन!"

मी खिडकीकडे बघितलं. बाहेर कुणीतरी हिरवळ कापत होतं, तेवढाच आवाज.

काकांनी डोळे उघडले. "कुनी मारला?"

बापू अडखळला. मग एक नाव घेतलं.

"त्याला जानेवारीत इकला न्हवं का," काका म्हणाले.

फोनवर नुसतं बापूच्या घरातल्या पंख्याचं घरघरणं.

"बापू," काका हळू म्हणाले, रागाने नाही, "कीपरला खोटं सांगायचं न्हाई. जाळ्यात बॉल गेलेला त्यालाच पयला कळतोय. आता नीट सांग. दुसरा कसा गेला? कीपर कुठं हुता?"

बापूने सांगितलं. रडत सांगितलं, पण सगळं सांगितलं: कॉर्नर कुठल्या बाजूने आला, कीपर कुठल्या खांबाला चिकटून राहिला. मग तिसराही गेला, तोही सांगितला. शेवटची शिट्टी झाल्यावर काका म्हणाले, "कीपर पोरगं बरं हाय. पुढं कुनी नव्हतंच त्याच्या." माझ्या ऐकण्यात त्यांनी गोलचा दोष कीपरला दिला नाही, असं तेव्हा पहिल्यांदाच झालं. मग मला म्हणाले, "खिडकी लाव, पुणेकर. बापूला सांग, ॲपचा पुढच्या वर्षाचा पास काढू नको."

जूनच्या शेवटी ते हॉस्पिटलात गेले. बोलणं कमी झालं होतं. क्लबचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं आणि बनवून सांगायची सोय उरली नव्हती. मी पाय चेपून द्यायची, ते खिडकीबाहेरच्या कार पार्ककडे बघत राहायचे. दहाव्या दिवशी गेले. अंत्यविधीला आम्ही नऊ जण होतो. कोल्हापुराहून बापू व्हिडिओ कॉलवर होता. या वेळी चित्र शेवटपर्यंत टिकलं.

ऑगस्टमध्ये नवा सीझन सुरू झाला, त्या शनिवारी साडेतीनला बापूचा फोन आला. मला वाटलं, कागदपत्रांचं काही असेल.

"ताई, एक इचारू? मी नाव बरोबर घेतलं असतं, तर दादाला पटलं असतं काय?"

"नाही बापूकाका," मी म्हणाले. "कुठलंही नाव घेतलं असतं तरी त्यांना कळलंच असतं." मला वाटलं, याने बापूकाकांना हलकं वाटेल.

ते मग म्हणाले, "आनी मी तोंडच उघडलं नसतं तर? शेवटची मॅच हुती ती त्याची. त्यातलं एक मिनट मी खोटं घातलं."

 तिकडे रात्रीचे आठ वाजले होते. मी विचारलं, "जेवलात का?"

"न्हाई अजून," ते म्हणाले, आणि फोन तसाच चालू राहिला.