नापासकरांचा पहिला तारा

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं आजोबांचं काम एकच होतं: खोकं हातात घ्यायचं, चारी कोपरे पाहायचे आणि खोट दिसली की तांबड्या पेन्सिलीने फुली मारून बाजूला टाकायचं. कामगार पाठीमागे त्यांना 'नापासकर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. निवृत्तीनंतर मात्र तपासायला फारसं काही उरलं नाही. दोरीवरच्या चादरींची टोकं जुळतात का, हे त्यांनी घरी एकदाच तपासलं. तेव्हापासून चादरी तेच वाळत घालतात.

त्या सुट्टीत मुलगा आपल्या दोन पोरांना आठवडाभरासाठी सोडून गेला. धाकटा चार वर्षांचा. त्याला कोणीही चाले. प्रश्न नातीचा होता. आठ वर्षांची, दूरच्या शहरात वाढलेली, आजोबांना फोनच्या काचेतूनच ओळखणारी. जाताना मुलगा म्हणाला, "नाहीच करमलं तिला, तर फोन करा. लगेच येऊन घेऊन जाईन." आजोबांनी त्या 'लगेच'ची धास्ती घेतली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माळ्यावरची खोकी उतरवली. त्यांच्या पुठ्ठ्यातून गॅलरीसाठी सजावट करायची ठरली: तारे, पक्षी, माळा. आजींनी खळ शिजवून दिली. धाकट्याने ती चाखून मंजूर केली. नात मात्र तासभर एकच तारा कापत होती. झाल्यावर तिने तो आजोबांसमोर धरला.

"आजोबा, बघा."

त्यांनी बघितला. पाच टोकं, पाच वेगळी मापं. त्यातलं एक मोडून लोंबणारं. कानामागची पेन्सिल हातात कधी आली, ते त्यांनाही कळलं नाही. ताऱ्याच्या पोटावर फुली उमटली.

एकतीस वर्षांत कुठल्या खोक्याने त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं. ती रडली नाही. कात्री खाली ठेवून म्हणाली, "बाबांना फोन लावा." आणि आतल्या खोलीत निघून गेली.

"झालं समाधान?" आजी म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी पोर घरात आली. आता बसा खोक्यांशी गप्पा मारत."

"अगं, सवयीने हात गेला."

"मग आता पायही जाऊ देत. तिच्याकडे."

ते गेले. नात खिडकीशी, दाराकडे पाठ करून बसली होती. माफी कशी मागायची हे कारखान्यात कोणी शिकवलं नव्हतं. नापास खोक्याला तिथे कोणी सॉरी म्हणत नसे.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मी आयुष्यभर नुसतं तपासलं गं. बनवलं काहीच नाही. तू शिकवशील?"

तिने मान वळवली. "एकपण तारा नाही बनवला?"

"एकपण नाही."

"खोकंसुद्धा नाही?"

"खोकंसुद्धा नाही."

बाब गंभीर होती. ती उठली.

बाहेर येऊन आजोबांनी आधी फूटपट्टी घेतली. तिने ती काढून घेतली.

"मग सरळ कसं येणार?"

"सरळ कशाला यायला हवं?"

कारखान्यात हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. ते तसंच कापू लागले. कात्री पुठ्ठ्यात अडकली.

"आजोबा, तू श्वास कोंडून धरतोयस. आधी सोड."

"अगं, आजोबांना 'तू' म्हणतात का?" आजी ओरडल्या.

"असू दे, असू दे," आजोबा घाईने म्हणाले. "ती शिकवतेय."

आजोबांचा पहिला तारा पाहून धाकटा आनंदाने "हत्ती!" म्हणाला.

संध्याकाळी मुलाचाच फोन आला. आजोबांनी तो नातीच्या कानाला लावला आणि भिंतीकडे बघत उभे राहिले.

"काय गं, येऊ का न्यायला?"

"आत्ता नको, बाबा. आजोबांना अजून टोकं जमत नाहीत."

"मग कधी येऊ?"

तिने आजोबांचा खळीने बरबटलेला चौथा तारा उचलून बराच वेळ निरखला.

"खूप दिवस लागतील," ती म्हणाली.