अर्धा आटा ढिला

पाटोद्यात कुणाच्या गाडीचा डिझेलचा काटा बिघडला की माणूस हैदरकडे जायचा. आता नव्या गाड्यांना काटे राहिलेत कुठं! पडद्यावर आकडे उमटतात आणि बिघडलं की अख्खा डबाच बदलायचा. पण जुनी जीप असेल, ट्रॅक्टर असेल, तर एसटी स्टँडमागच्या त्या पत्र्याच्या टपरीला अजून तोड नाही. साठी ओलांडलेला हैदर आधी काही उघडत बसत नाही. टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटची वायर सोडवतो आणि गाडीच्या लोखंडाला टेकवतो. काटा सरसर वर चढला तर मीटर शाबूत, दुखणं खाली टाकीत. नाही हलला तर दुखणं वर. आणि डिझेल, टेंपरेचर, दोन्ही काटे एकदम खोटं बोलायला लागले तर दोघांनाही शिव्या देण्यात अर्थ नसतो. दोघांची मिळून एकच अर्थिंगची वायर डॅशबोर्डमागं असते, ती कुठंतरी सुटलेली असते.

हैदरच्या घरात ती वायर म्हणजे त्याची बायको, सुरैया. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून पुण्यातला मुलगा मुबीन आणि इकडं हैदर, दोघंही फोनवर "सब ठीक" म्हणतात. दोघंही साफ खोटं बोलतात.

एकट्या माणसाला एका माणसापुरता भात काही जमत नाही बघा. तो रोज उरायचा, दुसऱ्या दिवशी तोच फोडणीला पडायचा. दसरा झाला की आसपासच्या गावांतली माणसं ऊसतोडीला निघून जायची आणि बाजाराचा दिवससुद्धा ओकाबोका वाटायचा. जुम्म्याच्या नमाजानंतर चार माणसं "खैरियत?" विचारायची, उत्तर ऐकायच्या आत चपला घालायची. टपरीत हैदर कधी कधी मीटरशीच बोलायचा. "क्या हुआ बे तेरे को?" मीटर बिचारं काय सांगणार!

एक माणूस मात्र यायचा, रामहरी. लिंबागणेशजवळच्या गावचा, पाटोदा ते बीड जीप हाकणारा. दोघांची तीस वर्षांची दोस्ती, पण कामापुरती. सुरैयाच्या चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले त्याच आठवड्यात रामहरीच्या जीपचा डिझेलचा काटा शून्यावर पडला. हैदरनं टाकीवरचा गंजलेला अर्थिंगचा नट घासला, बसवला. सीट, म्हणजे प्रवासी, भरेपर्यंत रामहरी दोन तास टपरीत बसून राहिला. सुरैयाच्या हातच्या मोहरमच्या खिचड्याची आठवण काढली आणि स्वतःच रडला. त्या रात्री हैदरला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

दहा दिवसांनी काटा पुन्हा पडला. त्या वेळी नट खरंच नीट बसला नव्हता, हैदरचा हात थरथरला होता. रामहरी पुन्हा दोन तास बसला. तिसऱ्या वेळी मात्र हैदरचा हात थरथरला नाही. त्यानं नट आवळत आणला आणि शेवटचा अर्धा आटा न फिरवता तसाच सोडून दिला.

ज्या माणसानं चाळीस वर्षांत कुणाच्या गाडीला खोटा हात लावला नाही, त्यानं हे करावं! पण केलं खरं. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी बारा-पंधरा दिवसांत नट सुटायचा, काटा झोपायचा, आणि जीप टपरीसमोर उभी राहायची. "काय रं हैदर, ही बया पुन्ना झोपली!" हैदर आधीच दोन चहा सांगून ठेवायचा. असं दीड वर्ष चाललं.

रामहरीला त्या काट्याचं काही वाटेनासं झालं होतं. काटा शून्यावर म्हणजे हैदरकडं जायची वेळ झाली, एवढंच तो समजायचा. सीटखाली एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, ठेवायचा, टाकीत बुडवायची, किती ओली झाली ते बघायचं आणि निघायचं.

मग माघाच्या एका सकाळी ते झालं. रामहरीच्या लेकीची, मंगलची, बीडला भरतीची लेखी परीक्षा होती. पोरीनं तीन वर्षं पहाटे उठून अभ्यास केला होता. निघायच्या घाईत तुराटी सीटखालीच राहिली. काटा शून्यावर होता, पण तो तर सारखाच पडायचा. मांजरसुंब्याच्या अलीकडं जीप दोन गचके देऊन थांबली. टाकी कोरडी ठणठणीत. कॅनमधून डिझेल आणेपर्यंत, लाइनीतली हवा काढेपर्यंत वेळ कसली थांबते! मंगल कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेली आणि दहा मिनिटांपूर्वी बंद झालेल्या फाटकासमोर उभी राहिली.

दोन दिवसांनी रामहरी टपरीवर आला. सगळं सांगितलं. "चूक माजीच हाय. तुराटी घातली न्हाई. पोरगी बोलंना माज्याशी. आता फुडची भरती कधी निघंल, देव जाणं." आणि मग म्हणाला, "काटा बघ तेवढा."

बघा कसली आयती संधी होती! तोंड मिटून नट आवळला असता तर या जगात कुणाला कळलं नसतं. हैदर पान्हा घेऊन जीपखाली वाकला, आणि तसाच बाहेर आला.

"रामहरी, नट मीच ढिला ठेवत होतो."

"म्हंजी?"

"दर टायमाला. दीड साल झालं."

रामहरीला आधी ते पटेचना. मग त्याचा चेहरा उतरत गेला. "कावून रं?"

"तू यावा म्हणून."

चहावर साय धरली. रामहरीनं ग्लास बाजूला सरकवला. "आरं, नुसतं ये म्हनला असतास, तर आलो नसतो का मी?"

हैदरनं नवा नट घातला, त्यावर दुसरा नट आवळला. काटा वर आला आणि जागेवर थांबला. आता नट दहा वर्षं सुटणार नव्हता. चहा न घेता रामहरी निघून गेला.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. जीप रोज दोनदा टपरीसमोरून जायची, आवाजावरून हैदर ओळखायचा, पण मान वर करायचा नाही. पश्चात्ताप होता, पण त्याहून जास्त लाज होती. दोन चहा सांगायची सवय काही सुटेना. टपरीशेजारचा चहावाला धुळाजी एक दिवस बोलता बोलता म्हणाला, "रामहरीच्या घरात लई वंगाळ चाललंय. पोरगी आजून बापाला बोलत न्हाई. गावात समदे म्हनतेत, बापानंच पोरीचं वाटोळं केलं. ह्यो गडी खाली मान घालून ऐकून घेतो."

"त्यानं काय सांगितलं लोकांना?" हैदरनं घाईनं विचारलं.

"काय सांगनार? तुराटी इसरलो म्हनतो."

म्हणजे महिनाभर त्या माणसानं हैदरचं नाव काढलं नव्हतं. घरातसुद्धा नाही! हैदरनं चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं टपरी बंद केली, धुतलेला सदरा घातला आणि भर उन्हात रस्त्यावर जाऊन उभा राहिला. जीप येताना दिसली तसा त्यानं सीटसारखा हात केला. तीस वर्षांत या जीपखाली तो शंभरदा शिरला असेल, पण तिच्यात बसला कधीच नव्हता. जीप पुढं गेली. बरीच पुढं गेली, आणि मग थांबली. हैदर धापा टाकत पोचला.

रामहरी समोर बघत म्हणाला, "कुठं उतरायचं?"

"तुज्या घरी. मंगलला सांगायचंय. माज्या तोंडानं."

"ती लई चिडंल."

"चिडू दे."

एवढ्या वेळानं रामहरीनं पहिल्यांदा हैदरकडं पाहिलं, आणि शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाला, "पाव्हनं, जरा मागं बसता का? ह्यो आपला मानूस हाय."