मला लाईनीबाहेर कुणी पाठवलं

मी मैदान सोडून पळालो नव्हतो. हे आधीच लिहून टाकतो, कारण गावात अजूनही कुणीतरी दात काढत विचारतो, "काय रे, आज तरी मैदानात दिसणार हायस ना?" आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सामने महाडला होते. आमची टीम नात्याची, गावातल्याच पोरांची, आणि तिला शिकवायला माझा चुलत दादा. दादा मुळात कबड्डीतला. त्याच्या पकडीला आसपासची गावं टरकून असायची. गुडघ्याने दगा दिला, कबड्डी सुटली, तेव्हापासून तो आम्हा फुटबॉलवाल्यांच्या मानगुटीवर बसला. फुटबॉल त्याला किती कळतो, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. माझी तर नव्हतीच.

मी बचावाला, सगळ्यांत मागे. माझ्या पाठी फक्त कीपर. हाफटाइमपर्यंत गोल झाला नाही. दादाने मला आणि कीपरला बाजूला घेतलं. समोरच्यांचा उंच स्ट्रायकर त्याच्या डोळ्यांत खुपत होता. पास निघतो त्या क्षणी स्ट्रायकरच्या पुढे किंवा बरोबरीला आमची दोन माणसं नसतील, तर तो ऑफसाइड. एवढा नियम दादाला माहीत होता.

"तो गोलजवळ घुसला ना, की तू लाईनीच्या मागं सटक. मग उरला फक्त कीपर. झाला ऑफसाइड."

"पण दादा, मी बाहेर असलो तरी मला मोजतील ना?"

"लाईनीबाहेर गेला तो बाद. बाद माणूस कोण मोजतो? उगाच डोकं खाऊ नको."

ही शुद्ध कबड्डी होती. मला ते पटलं नव्हतं, तरी मान डोलावली.

खेळ संपत आला तेव्हा तो स्ट्रायकर घुसला. त्यांच्या दुसऱ्या एकाने कडेने बॉल आणला. मी गोलपोस्टजवळ होतो. सरळ अंगावर गेलो असतो तर बॉल काढला असता, याची मला आजही खात्री आहे. त्याऐवजी मी गोललाईन ओलांडली आणि हात वर करून "ऑफसाइड!" म्हणून बोंबललो. पास आला, गोल झाला. लाऊडस्पीकरवरचा कॉमेंट्रीवाला केकाटला, "बचावपटू मैदान सोडून पळाला! पळाला!" बघायला आलेले सगळे हसले.

पंच महाडचेच, आखातात नोकरी करून परतलेले. तिथे त्यांनी पुष्कळ मॅचेस सांभाळल्या होत्या. त्यांनी गोल दिला, वर मला पिवळं कार्ड दाखवलं. "अरे, बचावातला खेळाडू न विचारता बाहेर गेला, तरी तो गोललाईनवरच उभा आहे असं धरतात. कीपर एक, तू दुसरा. ऑफसाइड कुठून आला?" त्यांच्यावर माझा राग नाही. नियम रास्तच आहे, नाहीतर जो तो हवं तेव्हा बाहेर उडी मारेल.

राग दादाचा आहे. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो कपाळावर हात मारून शेजारच्याला सांगत होता, "ह्याला काय झालं, काय म्हायत नाय!"

आम्ही हरलो. टेम्पोने गावी पोचेपर्यंत मी वाट बघितली. त्याने एक वाक्य बोलायला हवं होतं, "मीच त्याला सांगितलं होतं." तो ड्रायव्हरशी रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी आईला पिठाच्या गिरणीत ऐकावं लागलं, "तुझा मुलगा घाबरला म्हणं." घरी येऊन तिने पिठाचा डबा आपटला, मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात देवळात टीमची बैठक झाली. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मागं आता भक्कम माणूस पायजे." मग मात्र माझा संयम सुटला. मी उभा राहिलो आणि हाफटाइमचं सगळं सगळ्यांसमोर ओकलो. "खोटं वाटत असेल तर कीपरला विचारा," म्हणालो. कीपर खाली बघत चटईचा धागा उपटत होता. तसाच पुटपुटला, "बोलला व्हता दादा."

मला वाटलं, आता तरी हा माणूस कबूल करील.

दादाचा आवाज चढला. "बोललो असेन. पण तुला अक्कल नव्हती? माझं ऐकलंस कशाला?"

मी चपला घातल्या आणि निघालो. मागून त्याने हाक मारली, परत ये म्हणाला. पहिल्यांदाच मी त्याचं ऐकलं नाही.