एक्कावन्नातून सात

कारखान्यात त्यांना सगळे 'रजिस्टर' म्हणत, आणि अगदी तोंडावर म्हणत. केस पिकल्यावर त्यापुढे 'काका' लागलं, एवढाच काय तो मान. सदतीस वर्षं त्यांनी सुट्या भागांचं भांडार सांभाळलं. लोखंडी फडताळांच्या अकरा रांगा, रांगेत खण, खणात बोल्ट, वायसर, बेअरिंग, रबरी चकत्या. एखादा फिटर खिडकीशी येऊन म्हणायचा, "काका, त्या जुन्या पंपाची ती ही द्या हो," की काका मान न वळवता सांगणार, "सातवी रांग, वरून तिसरा खण. दोनच उरल्यात, जपून वापर." संगणक आला तेव्हा साहेबांनी गमतीने दोघांची शर्यत लावली. संगणक हरला, आणि काकांनी सगळ्या खात्याला चहा पाजला.

अशा माणसाची आई शेवटची अडीच वर्षं त्यांना ओळखत नव्हती. सुरुवात साधीच झाली होती. एकच वाक्य ती दिवसातून चार वेळा बोलायची. मग आकडे गेले, मग नावं गेली, मग माणसं. कामावरून आल्यावर काका तिच्या खोलीत जात, तर ती लगबगीने उठून खुर्ची पुढे करी. "कुणाकडे आलात आपण? बसा हं, माझा मुलगा येईलच एवढ्यात." काका बसत. मग मायलेक मिळून त्या मुलाची वाट बघत.

आई गेल्याचं दुःख त्यांनी पचवलं, पण धसका घेतला तो घेतलाच. एक दिवस आपणही बायकोपुढे खुर्ची सरकवून तिला 'कुणाकडे आलात' म्हणून विचारू, ही कल्पनाही त्यांना सोसत नसे. निवृत्तीच्या सुमारास वर्तमानपत्राच्या पुरवणीत एक लेख आला. मेंदूला रोज नवं काम द्या, हातापायांना नव्या सवयी लावा, म्हणजे तो गंजत नाही. लेख लिहिणारा बापडा लिहून मोकळा झाला. काकांनी मात्र कात्रण काढून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं आणि कंबर कसली.

दात डाव्या हाताने घासायचे, जेवायचं डाव्या हाताने. पहिले दोन महिने अर्धा घास पोटात आणि अर्धा सदऱ्यावर. फिरायला रोज वेगळा रस्ता, गेला रस्ता महिनाभर पुन्हा नाही. तीन रबरी चेंडू हवेत झेलायचे. डोळे मिटून दोरीच्या गाठी मारायच्या. सासष्टाव्या वर्षी हा गृहस्थ पोहायला शिकला, आणि अडुसष्टाव्या वर्षी माउथ ऑर्गन. त्या माउथ ऑर्गनपायी शेजाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला, पण म्हाताऱ्या माणसाला बोलणार कोण? प्रत्येक गोष्ट तारीखवार वहीत लिहिली जाई. भांडार सुटलं तरी भांडारी सुटला नव्हता.

काकूंनी तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. खांदे त्या मशीनवर वाकूनच राहिले. निवृत्त झाल्यावर हा माणूस आपल्या वाट्याला येईल, दोघं खिडकीत बसू, रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवू, अशी त्यांची साधीसुधी समजूत होती. तसं काही झालं नाही. "जरा बसा ना इथे," त्या म्हणत. "आलोच, एवढं झालं की," काका म्हणत, आणि एक झालं की दुसरं सुरू होई.

आधी आधी त्यांनी सगळं हसण्यावारी नेलं. काकांनी एकदा ताटात वीस वस्तू मांडल्या, मिनिटभर दाखवल्या, वर फडकं टाकलं आणि म्हणाले, "सांग आता, काय काय होतं?"

"सांगायचं कशाला? फडकं उचला, दिसेलच की."

"उद्या आठवणार नाही तेव्हा कळेल तुला."

"तुम्ही आहात ना घरात. तुमचं डोकं दोघांना पुरतंय," काकू म्हणाल्या आणि ताटातली कात्री उचलून कामाला लागल्या. कात्री त्या सकाळपासून शोधत होत्या.

काका एकाहत्तरचे झाले त्या वर्षी उन्हाळा संपता संपता काकू एकदा म्हणाल्या, "अहो, जिना चढताना छातीत भरून येतं हल्ली." काकांचे चेंडू हवेत होते, एकेचाळीस झेल झाले होते, पन्नास करायचेच होते. ते "हं" म्हणाले. आठवड्याभराने काकू पुन्हा तेच म्हणाल्या. तेव्हा काकांच्या तोंडात माउथ ऑर्गन होता. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा काका डोळे मिटून गाठ मारत होते, आणि त्यांचे हात जागच्या जागी थांबले. तेच वाक्य. शब्दन् शब्द तेच.

आता काय म्हणावं या माणसाला? वाक्य त्यांनी चोख ऐकलं, पण त्यात काय सांगितलंय ते ऐकलंच नाही. त्यांना दिसली ती आई, दिवसातून चार वेळा एकच बोलणारी. आजवर ते स्वतःवर पहारा ठेवून होते आणि चोर दुसऱ्याच दाराने आला होता. त्या दिवशी वहीत काकूंसाठी नवं पान उघडलं गेलं. वर तारीख, खाली एकच ओळ: तेच वाक्य, तिसऱ्यांदा.

त्यांनी काकूंना काही सांगितलं नाही. घाबरेल, म्हणाले असतील मनाशी. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काकूंना हाताशी धरलं. शब्दकोडी, पाठांतर, डाव्या हाताने बटणं लावणं आणि सकाळी बरोबर फिरायला जाणं. खरं सांगायचं तर इतकं प्रेम त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षातही केलं नसेल. काकूही सुखावल्या. नवरा बरोबर चालतोय, दर वळणावर थांबून विचारतोय, हेच त्यांना पुष्कळ होतं. दमायला होतंय असं त्या म्हणाल्याच, पण काका म्हणाले, "चालल्याने मेंदूला रक्त मिळतं. सवय होईल." इतक्या वर्षांनी लाभलेली सोबत काकूंना मोडवली नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फिरून आल्यावर जिना चढता चढता शंभरातून सात-सात वजा करायचे, हा काकांनी काढलेला शेवटचा व्यायाम. पायांना आणि डोक्याला एकदम काम. उत्तर अडलं तर सांगायचं नाही, हा नियम.

त्या सकाळी पहिल्याच पायरीवर काकू म्हणाल्या, "आज नको हो."

"आजच हवं. कंटाळा आला की तेव्हाच करायचं असतं."

त्र्याण्णव. शहाऐंशी. पहिल्या मजल्यावर एकोणऐंशी झाले. बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न. दुसरा मजला संपून थोडं वर आल्यावर काकू "एक्कावन्न" म्हणाल्या आणि कठडा धरून उभ्या राहिल्या.

काका दोन पायऱ्या वर होते. "पुढे?"

काकूंनी दुसरा हातही कठड्यावर ठेवला.

"एक्कावन्नातून सात गेले किती? सोपं आहे. घाई नाही, मी थांबतो."

काकूंचे ओठ हलत होते. त्या मोजतायत असं काकांना वाटलं. आकडे चालले, त्यांच्या मनात आलं, आता नावं जातील, मग मी. त्यांचे डोळे भरून आले. उत्तर जिभेवर होतं, सांगून टाकावंसं वाटत होतं, पण सांगितलं तर तिचंच नुकसान. ते नेटाने गप्प राहिले. कपाळावर घाम डवरलेली बायको समोर उभी, आणि हे तिच्या वजाबाकीसाठी रडत होते.

"चव्वेचाळीस," काकू म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

"शाब्बास," काका म्हणाले. त्यांना इतकं हायसं वाटलं की ते वळून चढूही लागले. चौथ्या पायरीवर त्यांच्या लक्षात आलं की मागून पावलं येत नाहीयेत.

मुलगी शेजारच्या शहरात नोकरीला. आईला हॉस्पिटलात नेल्याचं कळताच ती निघाली आणि अकराच्या सुमारास तिथे पोचली. बाकावर वडिलांशेजारी बसली, तिने त्यांचा हात हातात घेतला. बाराला दहा कमी असताना तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि काकू गेल्याचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. हृदयाचं दुखणं होतं, बरंच आधीपासूनचं. मुलगी रडत राहिली. काका रडले नाहीत. थोड्या वेळाने बाई कागद घेऊन परत आल्या. काही गोष्टी लिहून घ्याव्या लागतात, त्या म्हणाल्या. त्रास कधीपासून होता?

"त्यांना आता काही विचारू नका," मुलगी म्हणाली. "बाबा, नसेल आठवत तर राहू दे."

एकाहत्तर वर्षांच्या माणसाने 'आठवत नाही' म्हटलं असतं तर कुणी काही म्हणणार नव्हतं. ते दोन शब्द तोंडी येऊ नयेत म्हणून त्यांनी सहा वर्षं जिवाचं रान केलं होतं, आणि आज तेच त्यांना हवे होते. पण ते आलेच नाहीत.

"पहिल्यांदा मेच्या चार तारखेला म्हणाली," काका म्हणाले. "मंगळवार, सकाळी आठ वाजता. जिना चढताना छातीत भरून येतं, म्हणाली. मग अकराला, संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून. मग एकोणीसला, जेवणं झाल्यावर. त्यानंतर दमायला होतं असं पाच वेळा. त्यांच्याही तारखा सांगतो."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. मुलीने वडिलांच्या हातातला आपला हात सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"मी तिला फोनवर म्हटलं होतं, आई, तुला धाप लागतेय, कुणाला दाखव," ती म्हणाली. "तर म्हणाली, तुझ्या बाबांना सांगितलंय मी. त्यांच्या लक्षात राहतं सगळं."